ट्रकच्या केबिनमधलं पलटी-अलर्ट मशीन: बसवलं तर तपासायचं कसं (नव्या गाडीमालकांसाठी)

आजकाल जालना, लातूर, वाळूज, कुठल्याबी ट्रान्सपोर्टवाल्याला विचारा, महिन्यातून एकदा तरी कुणाचा ना कुणाचा फोन येतोच की साहेब तुमच्या गाड्यांत आमचं मशीन बसवा, वळणाच्या आधी बोलतंय, गाडी पलटी होत नाही. डेमो दाखवतात, खोकं टेबलावर तिरपं केलं की बीप वाजतंय, मालक खुश. पण टेबलावर वाजलं म्हणजे घाटात कामाला येईल असं काही नाही, आणि नव्यानं गाड्या घेतलेली पोरं इथंच फसायलेत. म्हणून हे लिहितोय, ज्यांच्याकडं दोन-चार गाड्या आहेत आणि मशीन घ्यायचं की नाही ते स्वतः तपासून ठरवायचंय त्यांच्यासाठी. एकच गोष्ट शेवटपर्यंत धरून ठेवा: बीप वाजली का हे बघायचं नाही, बीप वाजल्यावर ड्रायव्हरच्या हातात वेळ उरला का ते बघायचं.

पहिलं काम: विकणारा नेमकं काय विकतोय ते ओळखा

"रोलओव्हर सेफ्टी" या एका नावाखाली तीन-चार वेगळ्या वस्तू विकतात. एक म्हणजे नकाशावाली, म्हणजे जीपीएसवर गाडी कुठं आहे ते बघून पुढं धोक्याचं वळण आहे म्हणून आधीच सांगणारी. दुसरी सेन्सरवाली, तिच्यात मोबाईलमध्ये असतो तसाच झुकाव आणि बाजूचा जोर मोजणारा सेन्सर असतो, गाडी वळणात शिरल्यावर बाहेरच्या बाजूला किती जोर पडायलाय ते मोजून ओरडते. तिसरी कॅमेरावाली, ड्रायव्हरला डुलकी लागली का, मोबाईलवर बोलतोय का ते बघणारी. पलटीशी तिचा संबंध आहे पण लांबून.

आणि चौथी म्हणजे कंपनीतून गाडीसोबतच येणारी स्टॅबिलिटी कंट्रोल सिस्टीम. ही एकटीच अशी आहे की जी नुसतं सांगत नाही तर स्वतः इंजिनचा जोर कमी करते, ब्रेक लावते. अमेरिकेत ट्रेलर ओढणाऱ्या जड ट्रकसाठी हिचा नियम २०१५ ला निघाला आणि २०१७ पासून नव्या गाड्यांना लागू व्हायला लागला. आपल्याकडं जड गाड्यांना २०१५ पासून एबीएस आलं, पण एबीएस म्हणजे चाक जाम होऊ न देणं, पलटी थांबवणं हे त्याचं काम नाही, हे दोन्ही एकच समजणारे लई भेटतात. चौथी वस्तू ब्रेकच्या सिस्टीममध्ये गुंतलेली असते त्यामुळं जुन्या गाडीला बाहेरून आणून बसवतो म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. आपण इथं बोलायलोय ते पहिल्या दोन प्रकारांबद्दल.

दुसरं काम: आपल्या गाडीचा आकडा काढा

हे काम कुणी करत नाही आणि सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गाडी वळणात पलटी कधी होते, तर बाजूचा जोर एका हद्दीच्या पुढं गेला की. ही हद्द ढोबळमानानं काढता येते. मागच्या डाव्या आणि उजव्या जोडचाकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर घ्या, त्याचं निम्मं करा, आणि त्याला लोडसकट गाडीच्या गुरुत्वमध्याच्या (सगळं वजन जिथं एकवटलंय असं धरतात तो बिंदू) उंचीनं भागा. समजा दहा टायरची गाडी आहे, रिकामी १० टन, वर १८ टन माल, एकूण २८ टन, म्हणजे कायद्याच्या २८.५ टनाच्या आतच. चाकांतलं अंतर १.८ मीटर, निम्मं ०.९. हौद्याचा तळ जमिनीपासून १.३५ मीटर धरा आणि रिकाम्या गाडीचा गुरुत्वमध्य १ मीटरवर धरा.

आता ह्या गाडीत जालन्याची सळई भरली. सळई जड, थर जेमतेम अर्धा मीटर, तिचा मध्य जमिनीपासून १.६ मीटरवर. गाडी आणि माल दोन्हीचा मिळून गुरुत्वमध्य निघतो साधारण १.४ मीटर. ०.९ भागिले १.४, म्हणजे ०.६५ च्या आसपास. त्याच गाडीत तेवढ्याच वजनाचा ऊस भरला, २.४ मीटर उंच रचला, तर मालाचा मध्य जातो २.५५ मीटरवर आणि सगळ्याचा मिळून २ मीटर. ०.९ भागिले २ म्हणजे ०.४५. आणि हा कागदावरचा आकडा झाला, प्रत्यक्षात कमानी (चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे) एका बाजूला दबतात, टायर दबतात, ऊस सरकतो, म्हणून खरी हद्द ह्याच्याही खाली असते. भरलेल्या उंच गाड्यांची खरी हद्द बऱ्याचदा ०.३५ ते ०.४ च्या आसपास येते. हे आकडे "जी" मध्ये असतात, म्हणजे बाजूचा जोर गाडीच्या वजनाच्या किती पट आहे ते, मशीनच्या ॲपमध्येबी तसेच दिसतील.

बघा, काट्यावर दोन्ही गाड्यांची पावती एकच, २८ टन. पण एक गाडी दुसरीपेक्षा कितीतरी आधी पलटी होणार. मग जे मशीन फक्त वजन विचारतंय, किंवा तेही विचारत नाही, ते उसाच्या गाडीला आणि सळईच्या गाडीला एकाच जागी ओरडणार. विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच टाका, लोडच्या उंचीप्रमाणं हद्द बदलता येते का, रिकामी-भरलेली असं बटन आहे का, आणि ते बटन ड्रायव्हरनं दाबायचं की ऑफिसातून होतं. कापसाच्या गाठी, कडबा, सरकी, सोयाबीनची पोती, प्रत्येकाची उंची एकदा टेपनं मोजून वहीत लिहून ठेवा. एका दुपारचं काम आहे.

तिसरं काम: आपल्या रूटवरची वळणं मोजा

तुमच्या गाड्या कुठं जातात ते तुम्हाला माहीत. बीडकडून येताना मांजरसुंब्याचा घाट, बालाघाटाच्या डोंगरातले इतर उतार, बायपासची गोल वळणं, समृद्धीवरून खाली उतरायचे रॅम्प. रॅम्पला कमी समजू नका. ८० नं सरळ पळत आलेल्या ड्रायव्हरला वेग कमी झाल्यासारखा वाटतो पण काटा ६० वरच असतो.

वळण किती आवळ आहे ते मोबाईलवर मोजता येतंय. सॅटेलाइट नकाशा उघडा, अंतर मोजायचं टूल घ्या, रस्त्याच्या एकाच कडेवर दोन ठिपके टाकून ६० मीटरची सरळ रेषा ओढा, मग रेषेच्या मधोमधून ती कड किती लांब गेलीय ते मोजा. समजा ९ मीटर आलं. ६० चा वर्ग भागिले ९ च्या आठपट, त्यात ९ चं निम्मं मिळवा, उत्तर साधारण ५५ मीटर, ही त्या वळणाची त्रिज्या.

आता ह्या ५५ मीटरच्या वळणात ४० च्या स्पीडला बाजूचा जोर पडतो ०.२३ जी. ५० ला ०.३६. ६० ला ०.५१. म्हणजे ४० चे ५० केले की वेग पाव पट वाढला पण जोर दीडपटीच्या वर गेला, कारण जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. वरच्या उसाच्या गाडीला ४० ला काही होत नाही, ५० ला हद्दीवर येऊन थांबते आणि ६० ला गेली. "रोज इथून जातो, काही होत नाही" म्हणणारा ड्रायव्हर खोटं बोलत नसतो, तो रोज ४० नं जात असतो.

रस्ता वळणात आतल्या बाजूला उतरता असेल तर थोडा फायदा मिळतो, उलटा उतरता असेल तर तोटा. आपल्याकडं डांबराच्या थरावर थर टाकून काही वळणांचा उतार उलटाच झालेला आहे, ते पायी उतरून बघा. सेन्सरवाल्या मशीनला हा उतार आपोआप कळतो, नकाशावाल्याला बहुतेक वेळा कळत नाही.

आणि नकाशा ट्रकचा आहे का कारचा तेही बघा. कन्नडच्या औट्रम घाटात २०२३ ला हायकोर्टाच्या खंडपीठाच्या आदेशानं जड गाड्यांना बंदी आली. ट्रकचा नकाशा म्हणून विकलेलं मशीन जर भरलेल्या गाडीला अजून त्या घाटानं चला म्हणत असेल तर तपासणी तिथंच संपली समजा.

चौथं काम: फिटिंग

हे पटकन सांगतो. ट्रकला दोन बॅटऱ्या, २४ व्होल्ट. मशीन २४ व्होल्ट घेतं का ते लेबलवर वाचा. काही फिटर एकाच बॅटरीवरून १२ व्होल्टची वायर काढतात, चालतंय, पण त्यानं एक बॅटरी जास्त उतरते आणि दोन्हीची जोडी बिघडते. मधे फ्यूज पाहिजेच.

सेन्सरचं खोकं डॅशबोर्डवर डबल टेपनं चिकटवू देऊ नका. उन्हाळ्यात मराठवाड्यात केबिनमध्ये टेपचा गोंद वितळतो आणि खोकं एका बाजूला लोंबतंय, मग मशीनला वाटतंय गाडी कायम तिरपीच आहे. पक्क्या पत्र्यावर स्क्रूनं, शक्यतो केबिनच्या मधोमध बसवा.

मग झिरो करायचं, म्हणजे मशीनला सांगायचं की हे सपाट आहे. पेट्रोल पंपावर करू नका, तिथं पाणी वाहून जायला मुद्दाम उतार दिलेला असतो. भुईकाट्याचा प्लॅटफॉर्म सगळ्यात बरा, तो सपाट ठेवावाच लागतो. रिकाम्या गाडीवर झिरो करा, मग गाडी वळवून उलट्या तोंडानं परत काट्यावर घ्या, आकडा तोच आला पाहिजे. वेगळा आला तर खोकं हललंय नाहीतर झिरो चुकलाय.

पाचवं काम: यार्डात, रिकाम्या गाडीवर

मोकळं मैदान, खुणेला रस्त्यावर ठेवतात तसले चार प्लास्टिकचे कोन, गाडी रिकामी, स्पीड २०-२५. इथं फक्त एवढंच बघायचं की डावीकडं वळलं तर डावीकडचा आकडा येतो का, ॲपमधला स्पीड गाडीच्या मीटरशी जुळतो का, आणि आवाज ऐकू येतो का. आवाज तपासताना खिडक्या उघड्या, इंजिन चालू आणि टेपवर गाणी चालू, जशी गाडी खरंच चालते तशी. बंद काचांत शोरूमसारखं तपासून उपयोग नाही.

एक गोष्ट कान उघडून ऐका, पलटीची हद्द स्वतः गाठून बघायची नाही. एक चाक उचलेपर्यंत नेऊन बघू असं म्हणणारा हौशी माणूस प्रत्येक यार्डात एक असतोच, त्याला चावी देऊ नका. अमेरिकेच्या नियमात ही टेस्ट १५० फूट त्रिज्येच्या वळणात करतात, पण तिथं गाडीच्या दोन्ही बाजूला लोखंडी आधार बाहेर काढलेले असतात, गाडी कलली तर त्यावर टेकते. आपल्याकडं असली कामं पुण्याची एआरएआय, अहिल्यानगरची व्हीआरडीई, पिथमपूरची नॅट्रॅक्स असल्या ट्रॅकवाल्या संस्थांची आहेत. आपलं काम हद्दीच्या बरंच खाली राहून, मशीन वेळेत सांगतंय का एवढंच बघायचं.

सहावं काम: थोडे दिवस मुकं ठेवा

मशीन बसवलं की लगेच आवाज चालू करायचा मोह होतो. करू नका. आधी काही आठवडे रेकॉर्डिंग चालू, आवाज बंद. ह्यात कळतं की तुमचे ड्रायव्हर त्या त्या वळणात एरवी किती स्पीडनं शिरतात. हे आधीचं माप हातात नसलं तर नंतर मशीननं फरक पडला का हे सांगताच येणार नाही, मग कंपनीवाला म्हणेल तेच खरं.

ड्रायव्हरला मात्र सांगून करा. गुपचूप बसवलं आणि त्याला कळलं तर विश्वास गेला. आपल्या गाडीवर बऱ्याचदा वयानं मोठे ड्रायव्हर असतात, त्यांना नीट बसवून सांगायचं, मामा, हे तुमची चूक पकडायला नाही, ह्या आकड्यावरून पगार कापणार नाही. आणि मग खरंच कापायचा नाही. एकदा कापलात की दुसऱ्या दिवशी स्पीकरमध्ये कापूस गेलेला असतो आणि वायर "आपोआप" निघालेली असते. खेपेवर पैसे असलेल्या ड्रायव्हरला हळू चाल म्हणणं म्हणजे त्याच्या खिशात हात घालणं असतं, त्यामुळं खेपेच्या वेळेचं गणित मालकानंच आधी सैल करायला पाहिजे, नाहीतर जगातलं कुठलंबी मशीन हरणार.

सातवं काम: आवाज चालू, आणि मीटरमध्ये मोजणी

आता खरी तपासणी. गाडी ६० नं यायलीय, पुढं ते ५५ मीटरचं वळण, ४० वर यायचंय. अलर्ट वाजला, ऐकून, समजून, पाय ब्रेकवर जाईपर्यंत अडीच सेकंद धरा, तेवढ्यात गाडी ४२ मीटर पुढं गेली. भरलेली गाडी सावकाश ब्रेक लावत ६० ची ४० करायला अजून ५० मीटर. झाले ९२. साध्या जीपीएसला जागा कळायला एखादा सेकंद उशीर, म्हणजे अजून १७ मीटर. सरळ ११० च्या आसपास, आणि घाटाचा उतार असेल तर अजून वाढवा. माझं मत, सपाटीला दीडशे मीटर आणि उताराला दोन-अडीचशे मीटर आधी सांगत नसेल तर ते मशीन भरलेल्या गाडीच्या कामाचं नाही.

मोजायचं कसं, तर वळण सुरू होतं तिथून मागं किलोमीटरच्या दगडावरून नाहीतर मोबाईलच्या नकाशावरून दीडशे मीटरची खूण ठरवा, झाड, पाटी, टपरी काहीही. ड्रायव्हर शेजारी क्लीनरला बसवा आणि बीप वाजली की खूण आली होती का गेली होती एवढंच त्यानं वहीत लिहायचं. ड्रायव्हरला लिहायला लावू नका. रात्रीची एक फेरी आणि पावसातली एक फेरी ह्यात असलीच पाहिजे.

सेन्सरवालं मशीन इथंच उघडं पडतं. ते मुळात वळणात शिरल्यावरच ओरडतं, कारण जोर पडल्याशिवाय त्याला कळतच नाही. आणि भरलेल्या गाडीनं वळणाच्या मधोमध दचकून करकचून ब्रेक मारला किंवा स्टिअरिंग ओढलं तर काम अजून बिघडतं. म्हणून उशिरा वाजणारा अलर्ट हा न वाजणाऱ्या अलर्टपेक्षा वाईट. असं मशीन फेकून द्यायचं नाही, पण त्याचा उपयोग ऑफिसात बसून नंतर बघायला, की कुठल्या वळणात कोणती गाडी ०.२५ जी च्या वर गेली. आधी सांगायचं काम नकाशावाल्याचं, मोजायचं काम सेन्सरवाल्याचं. एकाच खोक्यात दोन्ही असेल तर उत्तम.

घाटात अजून दोन गोष्टी बघा. रेंज गेल्यावर अलर्ट येतो का, म्हणजे नकाशा मशीनमध्येच साठवलेला आहे का. मोबाईलचं नेट बंद करून तपासा. आणि जिथं रस्ता वर-खाली एकमेकाला समांतर जातोय तिथं मशीनला वरचा रस्ता कोणता आणि खालचा कोणता ते कळतंय का. फ्लायओव्हर आणि त्याच्या खालच्या सर्व्हिस रोडलाबी हीच गडबड होते.

फुकट बीप किती वाजल्या तेही लिहा. खड्ड्यात, स्पीडब्रेकरवर, सरळ रस्त्यावर जर सारखं वाजायलं तर पाचव्या दिवशी ड्रायव्हरचे कान त्याला सरावतात, आणि मग खऱ्या वळणातली बीपही त्याला ऐकू येत नाही. आवाज मराठीत किंवा हिंदीत बोलणारा घ्या, "पुढे वळण, चाळीसवर या" असं. नुसत्या टीं-टीं मधून डुलकीचा इशारा कोणता आणि वळणाचा कोणता ते कुणाला कळत नाही.

टँकर आणि ट्रेलरवाल्यांसाठी वेगळं

उन्हाळ्यात पाण्याचे टँकर, हंगामात मळी आणि इथेनॉलचे. टँकर अर्धा भरलेला असेल तर पाणी वळणात बाहेरच्या बाजूला चढतं आणि गुरुत्वमध्य तिकडं सरकतो, म्हणून पूर्ण भरलेल्यापेक्षा अर्धा टँकर कधीकधी जास्त दगा देतो. आत आडव्या भिंती असतात पण त्या पाणी पुढं-मागं आदळू नये म्हणून, डावी-उजवीची हेलकावणी त्यानं थांबत नाही. दोन गावांत पाणी सोडून तिसऱ्या गावाला निघालेल्या टँकरला "रिकामा" सेटिंग लावलं तर मशीन गप्प बसणार. अर्ध्या लोडलाबी भरलेल्याचंच सेटिंग ठेवा, किंवा त्याहून कडक.

ट्रेलरचं दुखणं असं की मागचा ट्रेलर आधी कलतो आणि पुढच्या केबिनमधल्या ड्रायव्हरला ते जाणवतच नाही. जाणवतं तेव्हा उशीर झालेला असतो. केबिनमधल्या सेन्सरलाबी तेच. वरून केबिन स्वतःच्या स्प्रिंगांवर वेगळी डुलते. ट्रेलरवाल्यानं मागं ट्रेलरच्या चॅसिसवर दुसरा सेन्सर मिळतो का ते विचारावं. ट्रॅक्टर आणि डबल ट्रॉलीवाल्यांनी ह्या मशीनवर पैसे घालवू नयेत, त्यांचं दुखणं हुक, ब्रेक आणि रात्री मागं नसलेला लाल रिफ्लेक्टर हे आहे.

जिथं मशीनला काहीच कळत नाही

आपल्याकडं कितीतरी गाड्या वळणात पलटी होतच नाहीत, सरळ रस्त्यावर उभ्या-उभ्या होतात. समोरून गाडी आली, साईड द्यायला डावी चाकं खाली उतरवली, पावसाळ्यात साईडपट्टीची काळी माती आत घेते, चाक रुतलं आणि उसाची गाडी सावकाश शेतात आडवी. कॅनॉलच्या कच्च्या रस्त्यावर तर नेहमीचंच. ह्यात स्पीड नाही, वळण नाही, नकाशावाल्याला काही दिसत नाही, सेन्सरला दिसतं तेव्हा गाडी निघालेली असते. ह्याला उपाय ड्रायव्हर आणि क्लीनरच, खाली उतरून बघणं, साईड न देता थांबणं. विकणारा जर म्हणाला की आमचं मशीन हेबी पकडतं तर त्याच्याच समोर भिजलेल्या साईडपट्टीवर दाखव म्हणा.

कमानीचा पाटा तुटलेला, यू-बोल्ट ढिला, एका बाजूच्या टायरला हवा कमी, लोड एका अंगाला, ह्यातलं कायबी मशीन दुरुस्त करत नाही. टेस्टच्या आधी हे सगळं नीट करून घ्या, नाहीतर तुम्ही मशीन तपासायला निघाल आणि तपासाल तुटकी कमान.

हिशोब कसा मांडायचा

"मशीन बसवल्यापासून एकबी गाडी पलटी झाली नाही" ह्या वाक्याला भुलू नका. तुमच्या चार गाड्या मशीन नसतानाही वर्षभर पलटी झाल्या नसत्या कदाचित. पलटी ही क्वचित घडणारी गोष्ट आहे, चार गाड्यांच्या सहा महिन्यांवरून तिच्याबद्दल काही सिद्ध होत नाही. त्याऐवजी वळणात शिरतानाचा स्पीड बघा. तीच वळणं, तेच ड्रायव्हर, तोच माल, आवाज बंद असताना आणि आवाज चालू असताना. सरासरी बघू नका, सगळ्यात जास्त स्पीडच्या फेऱ्या बघा, कारण गाडी पलटी होते ती त्याच फेरीत. त्या कमी झाल्या असतील तर मशीन काम करायलंय. फक्त सरासरी दोन-तीननं उतरली आणि वरच्या फेऱ्या तशाच असतील तर जे आधीच हळू चालवत होते तेच अजून हळू झालेत.

पहिल्या महिन्यात सगळेच सावध असतात, म्हणून तिसऱ्या-चौथ्या महिन्याचे आकडे पुन्हा काढा. तोपर्यंत सिमचं रिचार्ज, नकाशा अपडेट आणि वर्षाची फी कोण भरणार हे कंपनीकडून लेखी घेतलेलं असू द्या, फी थकली की कित्येक मशीनं नुसता हिरवा दिवा लावून बसतात, अलर्ट बंद. आणि गाळप संपल्यावर गाडी कमानीच्या कामाला गेली, नवे पाटे टाकले, की गॅरेजमधून निघताना आधी भुईकाट्यावर घ्या आणि झिरो परत करा.